फ्लेक्सवरची सुनंदा

पेठेच्या चौकात आज नव्या फ्लेक्सचा उग्र वास सुटलाय. पुढाऱ्याचे केस पिकलेत, पण त्याच्या शेजारी तलवार उगारून उभी असलेली भगव्या फेट्यातली पोरगी दर निवडणुकीला तीच असते. माझी मैत्रीण सुनंदा, शाळेतली.

तो फोटो आम्ही शाळेत असतानाच्या त्याच्या एका सभेतला. त्या सभेला आम्ही दोघी तालमीतर्फे मर्दानी खेळ करायला गेलो होतो. दांडपट्टा माझा सरस होता, पण पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, "ही गोरी वर स्टेजवर घ्या. फेट्यात उठून दिसंल." मी खाली धुळीत पट्टा फिरवत राहिले, लोखंडी मुठीत हात घामानं बुळबुळला. वर पुढारी तिच्याकडं बोट करून गरजला, "ही बघा महाराजांची लेक!" सगळ्या माना तिकडं वळल्या. मी नुसती जळत होते.

आज तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, एक हातबी फिरवू दिला न्हाई मला. हलू नको, फोटो बिघडतोय म्हणायचा त्यो पुढाऱ्याचा माणूस. मी वरनं तुझाच पट्टा बघत हुतो."

एवढं ऐकूनही चौक ओलांडताना वाटलंच, फेटा मलाही शोभला असता.