माझे पहिले शब्द हवाईयन होते

"स्ट्रोक है, ब्रेन के लेफ्ट साइड में. इनको अफेजिया भी हुआ है," डॉक्टर माझ्या नवऱ्याला सांगत होते. अफेजिया म्हणजे डोक्यात सगळं जागेवर असतं, पण शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. मी तिथेच पलंगावर बसले होते. सगळं समजत होतं. 'इनको' ऐकून मस्तकात तिडीक गेली.

त्या सकाळी दुबईत, करामा भागातल्या आमच्या घरी पोळ्या लाटताना उजव्या हातातून लाटणं निसटलं. "अहो" म्हणायला गेले, तर नुसता घोगरा आवाज निघाला. मी डबे द्यायचे त्या बॅचलर लोकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आठ दिवसांनी घरी आले आणि खरं आजारपण सुरू झालं. मी "पा..." म्हटलं की हे पाण्याचा ग्लास पुढे करायचे. मला पापड हवा असला तरी पाणीच. मुलगी म्हणायची, "मम्मी, रिलॅक्स, आय नो." काय नो, कपाळ! भेटायला येणारे मला ओलांडून ह्यांना विचारायचे, "वहिनी जेवतात का हो?" सगळं प्रेमापोटी, मान्य. पण त्या प्रेमाचा मला संताप यायचा.

आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचा व्यायाम. थेरपिस्ट लेलानी मूळची हवाई बेटांवरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे दुबईत आलेली. तिथेही हे माझ्या शेजारी बसलेले. तिने गाईचं चित्र दाखवलं की माझ्याआधी ह्यांचं "काऊ!" तिने दोनदा ओठांवर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा हे बोललेच.

लेलानीने चित्रं मिटून ठेवली. "टुडे, माय लँग्वेज."

तिच्या भाषेत व्यंजनं मोजकी, माझ्या जड जिभेला झेपतील अशी. वाइ म्हणजे पाणी. हाले म्हणजे घर. इनु म्हणजे पिणं. लिमा म्हणजे हात. माझा लुळा हात उचलून ती "लिमा" म्हणाली. मला तो शब्द जमायला अर्धा तास लागला. ह्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस माझ्यासमोर अर्धा तास गप्प बसला!

दुसऱ्या खेपेला हे डायरी घेऊन आले. "आय विल टेक प्रॅक्टिस ॲट होम." लेलानीने डायरी मिटून त्यांच्या हातात दिली. "नो सर. दीज आर हर्स." त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी ह्यांच्या मित्राची बायको आली. माझ्यासमोर ह्यांनाच म्हणाली, "बोलतात का आता काही?"

"हुहू," मी म्हटलं.

"म्हणजे काय गं?" ह्यांनी विचारलं. माझ्याआधी बोलायला त्यांना ती भाषाच येत नव्हती. थांबण्यावाचून इलाजच नव्हता. थांबले.

"राग," मी म्हटलं. मग बराच वेळ गेला. "मला... राग... येतो."

स्ट्रोकनंतरचं माझं पहिलं पूर्ण मराठी वाक्य. ह्यांचे डोळे भरले. पाहुणीकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, तिचं तिलाच विचारत जा."

लेलानी पुढे मायदेशी गेली. निघताना मी तिला "महालो" म्हटलं, म्हणजे आभार. अजूनही मी अडखळतेच.

तुमच्या घरी असा पेशंट असेल, तर औषधं द्या, पथ्य सांभाळा, नवस बोला. पण त्याने तोंड उघडलं की तुम्ही तुमचं मिटा. कितीही वेळ लागो.