हरभऱ्याच्या गाठी

मला सल्ला देण्याची खोड आहे. नोकरी शहाद्याला, राहणं तापीकाठच्या गावात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ घरच्यांना माझं ऐकावंच लागतं. शेतीतलं फारसं कळत नाही, पण भावकीत जास्त शिकलेला मीच, म्हणून उंटावरून शेळ्या हाकतो.

मागच्या वर्षी आमची पपई गेली. झाडं पिवळी पडली, उपटून पाहिली तर मुळं गाठींनी सुजलेली. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत. तेव्हापासून मुळाला गाठ दिसली की मला तोच रोग दिसतो.

या हिवाळ्यात सहज काकूच्या वावरात गेलो. काका गेल्यापासून तो तुकडा ती एकटीच कसते, आणि हरभरा हेच तिचं हिवाळ्यातलं पीक. चांगला फुलावर होता. एक झाड उपटलं आणि ओरडलोच. मुळांवर गाठीच गाठी!

"काकू, पपईना रोग शे हाऊ. आजच उपटी टाक, नही त सगळा शिवारमा फैली जाई."

काकूने मुळं निरखून पाहिली. हरभरा उपटताना आपली नजर घाट्यांवर असते, मुळांकडे कोण बघतं? तिनेही कधी पाहिलं नव्हतं. "तू म्हनस त उपटी टाकू, भाऊ," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळा हरभरा बांधावर पडला आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घालून तिनेच तो पेटवला.

त्याच आठवड्यात आमच्या वावरातला लवकर पेरलेला हरभरा खायला उपटला, तेव्हा मुद्दाम मुळं पाहिली. त्याच गाठी. झाड मात्र हिरवंगार. नखाने एक गाठ काढली तर अलगद सुटली. पपईची अशी सुटत नाही, तिथे मूळच सुजलेलं असतं. फोडली तर आतून गुलाबी. मग आठवलं. या गाठींत जिवाणू राहतात, झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतलं नत्र देतात. 'सहजीवन' म्हणून शाळेत हेच मी घोकून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. मला माझीच किळस आली.

काकूला सगळं सांगायचं ठरवून गेलो. ओट्यावर शेजारच्या वावराचा मालक बसलेला, हातात हरभऱ्याचं झाड, तोंड उतरलेलं. काकूनेच त्याला सावध केलं होतं.

"उपटू नका," मी म्हणालो. "हाऊ रोग नही. ह्या गाठी चांगल्या ऱ्हातस."

त्याचा जीव भांड्यात पडला. काकूने विचारलं, "मंग मन्हा हरभराले काय व्हयेल व्हतं?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. लाजेने माझे कान तापले.

"तुन्हामा रोगच व्हता," मी म्हणालो.

"मन्हं नशीबच खोटं," काकू म्हणाली. "पन तू व्हता म्हनीसन बाकीना गाव वाचना." आणि ती माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

तो चहा मी प्यायलो.