वास्कोकारांचं तळघर

आमचे वास्कोकार कुणाच्याही घरी गेले की उभी दिसलेली बाटली आडवी करून ठेवीत. "मास्तर, बाटली निजली काय वायन जागी रवता," असं वर ऐकवीत. एकदा माझ्या टेबलावरची खोबरेल तेलाची बाटली त्यांनी अशीच निजवली. तिला नुसता कागदाचा बोळा होता. सहामाहीचे सगळे पेपर तेलात न्हाले. ते पोट धरून हसले, मीही तोंडदेखला हसलो.

तुमच्याही वाड्यावर असा एखादा असेल, ज्याचं बरं झालेलं बघवत नाही आणि ज्याच्यावर धड रागावताही येत नाही. माझ्या वाट्याला हे आले. तीस वर्षं वास्को बंदरात बोटींना किराणा-भाजी पुरवणाऱ्या कचेरीत नोकरी करून, गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास गृहस्थ आमच्या पेडण्यात घर बांधून राहायला आले. सोबत वाइनच्या दोनशेएक बाटल्या. कुठल्या कुठल्या मुलखातल्या कप्तानांनी, खलाशांनी, बोटीवरच्या आचाऱ्यांनी प्रेमाने दिलेल्या.

ते येईपर्यंत अख्ख्या वाड्यावर विलायती वाइन फक्त माझ्याकडे होती. चार बाटल्या! काचेच्या कपाटात, ताठ उभ्या. पाहुणे आले की मी सहजच कपाटाकडे पाठ करून बसायचो, म्हणजे त्यांची नजर तिकडे जावी. वास्कोकार आले आणि माझ्या कपाटाला कुत्रं विचारेना. चतुर्थीला आलेला माझा सख्खा जावई चहा अर्धा टाकून त्यांच्या बाटल्या बघायला पळाला. जळून नुसता कोळसा झालो मी.

आणि हा माणूस थेंबभर पीत नसे! प्रत्येक लेबलावर त्यांनी शाईने देणाऱ्याचं नाव, बोटीचं नाव आणि एखादी ओळ लिहिलेली. 'ह्याची आई आजारी होती.' 'ह्याने सोलकढी दोनदा मागून घेतली.' बाटली हातात धरून ते ती ओळ वाचीत आणि तो माणूस समोर बसल्यासारखे हसत.

मग त्यांना तळघराचं वेड लागलं. "हांगा उकडता मास्तर. वायनीक थंडाई व्हयी." घरामागे उताराच्या पायथ्याशी खडक खोदून खाली खोली करायची, आत चिऱ्यांचे कप्पे. बेळगावकडचे गडी ठरले. त्यांची बायको म्हणाली, "घूस पोसतंय मी, घूस!"

खोदण्याआधी ते माझ्याकडे आले. "तुमी हयले जुने मनीस. त्या जाग्याची काय खोड आसली तर आताच सांगा."

खोड होती. श्रावणात नेमके त्याच पायथ्याला जमिनीतून झरे फुटतात. शाळेतून येताना आम्ही तिथेच चिखलाचे पाय धुवायचो. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच सकाळी पोस्टमनसुद्धा माझ्या दारात उभा राहून त्यांच्या होणाऱ्या तळघराचं कौतुक करून गेला होता.

"छे, काय नाय," मी म्हणालो. "बिनधास्त खणा."

वर गाऱ्हाणंही मलाच घालायला लावलं. आमच्याकडे पहिली कुदळ पडण्याआधी जागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवतात. वाड्यावरचा वडीलधारा गाऱ्हाणं सांगतो, बाकीचे होकार देतात. मी हात जोडून म्हणालो, "बा राखणदारा, ह्या कामाच्या आड काय येत असात, तर ता वाटेतच दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज वास्कोकारांचा.

तळघर झालं मात्र झकास. ऐन मे महिन्यात खाली उतरलो तर अंगावर गारवा आला. बाटल्या ओळीने निजलेल्या. त्या दिवसापासून मी श्रावणाची वाट बघू लागलो.

श्रावणात पाणी आलं. सकाळी त्यांची हाक ऐकून गेलो. छातीइतकं पाणी, सगळे कप्पे बुडालेले. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं वाटलं. मग ते दिसले. पाण्यात उभे राहून चहाच्या गाळणीने लेबलांचे तुकडे गोळा करत होते. शाई केव्हाच विरघळून गेली होती.

"वायन काय जावक नाय मास्तर," ते म्हणाले. "नावां गेली."

मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं. मी पाण्यात उतरून तुकडे वेचू लागलो.

पुढे कितीतरी वर्षं ते एखादी बाटली घेऊन आमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, येऊन बसत. "ही त्या सोलकडीवाल्याची काय हो?" मी म्हणे, "असात." ते मान हलवीत. "नाय. त्याची मान बारीक होती." कुणाला दोष दिला नाही. उलट माझीच समजूत घालत, "तुमी गाऱ्हाणा बरा घातलास. माझाच नशीब."

यंदा चतुर्थीच्या तोंडावर वास्कोकार गेले. मोपाला विमानतळ झाल्यापासून त्यांचा मुलगा तिथे कामाला आहे. परवा तो मला घरामागे घेऊन गेला.

"काका, बाबांसाठी हे नीट करून बाटल्या परत ठेवीन म्हणतो. हे पाणी त्याच वर्षी लागलं, की पहिल्यापासूनचं?"

"पहिल्यापासूनचं. दर श्रावणात येतं."

"मग बाबांनी कुणाला विचारलं कसं नाही?"

"विचारलं होतं रे," मी म्हणालो. "मलाच विचारलं होतं."