वाणाच्या गाळण्या

दुकानाच्या दारातच गार्डनं माझी पिशवी उलटी केली. लंडनमधल्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर, शनिवारच्या भर गर्दीत. चहाच्या गाळण्या फरशीवर पसरल्या. स्टीलच्या, लाल दांड्याच्या, सगळ्या एकसारख्या. मग तिळाच्या लाडवांचा डबा. तोही उघडला. हातमोजा घालून एक लाडू फोडला आणि आत बघितलं. तिळाच्या लाडवात काय असणार हो? तीळच.

झालं असं की दाराबाहेर पडताना तिथला चोरी पकडायचा भोंगा वाजला. माझ्याबरोबरच एक गोरी बाई बाहेर पडत होती. तिच्या हातातही पिशवी, माझ्याही हातात पिशवी. भोंग्याला काय, तो दोघींसाठी वाजला. गार्डनं दोघींकडे पाहिलं. तिला म्हणाला, “यू आर फाइन, लव्ह.” मला म्हणाला, “नॉट यू.”

एवढंच. पण माझी सगळी गोष्ट त्या दोन वाक्यांत आहे. बाकीचं मी नुसतं सांगतेय.

एका बाईला इतक्या गाळण्या कशाला लागतात, असं त्याचं म्हणणं. आता संक्रांतीचं वाण त्याला कसं समजावू? मी म्हटलं, फेस्टिव्हल, गिफ्ट, फॉर लेडीज. तो हसला. तशाच गाळण्या त्या दुकानातही होत्या, हे खरं. पण माझ्या मी बाजारातल्या ठेल्यावरून घेतलेल्या. ठेलेवाला पावती देतो का कधी? मॅनेजर आला, म्हणाला, माल आमचाच. आणि पोलीस आले.

गाडीत बसवताना आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई समोर दिसली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत डिनर लेडी होते, दुपारी पोरांना जेवण वाढायचे. तिच्या मुलीला मटार आवडत नाहीत, हेही मला ठाऊक. मी हसले तिला. सवयीनं. तिनं मान फिरवली.

चौकीत मंगळसूत्र काढायला लावलं. म्हणे, नियम आहे, कोठडीत कुणी गळ्याला आवळून घेऊ नये म्हणून. लग्नापासून ते गळ्यातून उतरलं नव्हतं. मला त्याचा फासा सुटेना, तर एका पोरगेल्या पोलीस बाईनं मागून ते सोडवलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकलं. गाळण्यांच्या शेजारी.

माझी जबानी घेणारा अधिकारी तसा गोड होता. म्हणाला, “घेतल्या म्हणा, कॉशन घ्या, चहाच्या वेळेला घरी.” मला वाटलं, कॉशन म्हणजे ताकीद. हेडमास्तर रागावतात तशी. आणि खोटं कशाला बोलू, मी तयार झाले होते. आपल्या हाडातच मुरलंय ना ते. चूक असो नसो, साहेबापुढे हात जोडायचे आणि सुटायचं. एक फोन करायचा आहे एवढंच मी मागितलं.

नवरा विमानतळावर बॅगा चढवत होता, तो काही सापडेना. मग आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या डॉक्टरांना लावला. मोठा माणूस, ईलिंगला घर. हळदीकुंकू त्यांच्याच घरी, दुसऱ्या दिवशी. वाण आणायचं काम त्यांच्या बायकोनंच मला दिलेलं. त्यांनी पोलिसांना नुसतं सांगायचं होतं की या गाळण्या आमच्या घरच्या कार्याच्या आहेत. एक वाक्य.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वहिनी, अहो, आमचं नाव कशाला त्यात? गोड बोला, कॉशन घ्या, विषय संपवा. आपण काही त्या लोकांसारखे नाही, उठसूट पोलिसांशी भांडणारे.”

त्या लोकांमधलीच एक बाई बाकावर माझ्या शेजारी होती. काळी, जमैकाकडची. रस्त्यात तिच्या लेकाची झडती घेत होते, ही मध्ये बोलली, म्हणून हिलाही आणलेलं. मराठी तिला कुठून कळणार, पण माझा चेहरा कळला. काय झालं, विचारलंन. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती एकदम माझ्याकडे वळली.

“आंटी, डोन्ट यू एव्हर से यू डिड इट.”

मग तिनं समजावलं. कॉशन म्हणजे रागावणं नव्हे. आधी चोरी केली म्हणून कबूल व्हायचं, मगच ती मिळते. आणि ती पोलिसांकडे राहते. शाळेनं माझी माहिती मागवली की ती वर येणार, आणि चोर बाईला पोरांत कोण ठेवतंय? तिनं स्वतः तरुणपणी अशीच एक घेतली होती, लवकर घरी सोडतो म्हणाले म्हणून. म्हाताऱ्यांच्या सेवेचं काम शिकलेली, पण पुढं कुणी दारात उभं केलं नाही. मी विचारलं, तुला हे सगळं कसं ठाऊक? म्हणाली, हे आमच्यात आईच शिकवते. पोरं चालायला लागली की.

मी बसून राहिले. डॉक्टरांना वाटतं, आपल्यात आणि त्या लोकांत एक भिंत आहे. मलाही वाटायचं. भोंगा वाजला तेव्हा गार्डला दिसली का ती भिंत? त्याला दिसली माझी कातडी.

परत बोलावलं तेव्हा मी उभ्यानंच सांगितलं. नाही घेतल्या. घेतल्या असं म्हणणार नाही. बाजारातल्या माणसाला विचारा. आणि त्या गोऱ्या बाईची पिशवी कुणी उघडली, तेही विचारा. त्या अधिकाऱ्याचं हसू गेलं. म्हणाला, मग फार वेळ लागेल. म्हटलं, लागू दे.

लागला. कित्येक आठवडे शाळेनं घरी बसवलं. पोलीस एकदाचे ठेलेवाल्याकडे गेले, तो म्हणाला, माझाच माल. मग फोन आला, प्रकरण बंद. सॉरी? छे. गाळण्या परत दिल्या, लाडू नाही. वाणाचं काम डॉक्टरीणबाईंनी दुसरीला दिलं. त्या बाकावरच्या बाईचं आणि तिच्या लेकाचं काय झालं, मला कळलं नाही. दोघांना त्या दिवशी सोडलं नव्हतं, एवढं मी बघितलं.

तेव्हापासून दर संक्रांतीला मी त्याच दुकानात जाते. वाणाची पिशवी भरून. गेल्या खेपेला भोंगा पुन्हा वाजला. गार्ड नवा. माझ्या पुढे एक गोरी बाई, ती निघालीच होती. तो सरळ माझ्याकडे आला, पिशवीला हात घातला.

मी पिशवी छातीशी धरली.

“आधी त्यांची उघडा,” म्हटलं. “मी इथंच उभी आहे.”