चप्पल हुंगवू नका

लांजीच्या बसमध्ये आपण आता मरतोय असं मला पहिल्यांदा वाटलं, तेव्हा माझ्या पिशवीत आरोग्य हक्कांची पत्रकं होती. छाती धडधडली, हात बधिर झाले, श्वास पुरेना. शेजारच्या काकांनी लगेच पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. "हुंग वं पोरी, मिरगी उतरते!" मिरगी, म्हणजे फीट, नव्हती. असती तरी चप्पल हे औषध नाही. पण तोंडातून शब्द फुटेना. अर्ध्या रस्त्यात उतरले.

तेव्हापासून माझं एकटीने बसमध्ये बसणं बंद. लांजीच्या बाजारात पत्रकं वाटायची, बायांशी बोलायचं, हे माझं काम. आणि मी आई सोबत असल्याशिवाय बालाघाटबाहेर पाऊल टाकेना! ईसीजी तीनदा काढला. एका डॉक्टरने सांगितलं गॅस, दुसऱ्याने सांगितलं, हिचं लग्न करून द्या. आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाई भेटल्या. तपासून म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे. हा पॅनिक डिसऑर्डर. यावर इलाज आहे. समुपदेशन आहे, गोळ्या आहेत. तुम्हाला दोन्ही द्यावं असं माझं मत आहे."

गोळ्या म्हटल्यावर मी भाषण ठोकलं. फालतू गोळ्यांच्या विरोधात माझंच पत्रक आहे, वगैरे. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"फालतू गोळ्यांच्या ना? कामाच्या गोळ्यांच्याही विरोधात आहे का?"

नव्हतं. चिठ्ठी घेतली.

गोळीने पहिले काही दिवस पोट ढवळलं, फरक कळायला काही आठवडे गेले. मनाने बंद करायची नाही, हे बाईंनी दर वेळी बजावलं. समुपदेशक ताई तर मला मुद्दाम जिने चढायला लावायच्या. धडधड वाढली की म्हणायच्या, "बघा, धडधडतंय आणि तुम्ही जिवंत आहात." मग उभ्या बसमध्ये बसणं, मग एका गावापर्यंत जाणं. आणि एक दिवस त्या म्हणाल्या, आता आईला घरी ठेवा.

आई भडकली. "मले काहून घरी ठेवते? मी का रोग आहो?"

"रोग नाही वं आई. पण तू संग असली का मले वाटते, तुह्यामुळंच वाचली."

संध्याकाळी आईने पिशवीत हुंगायला लिंबू टाकलं. तोही आधारच, मी ते काढून ठेवलं.

मागच्या महिन्यात एकटी निघाले. अर्धा रस्ता झाला आणि आलंच. बस थांबली, दार उघडलं, दोन माणसं उतरली. मी सीट धरून बसले, श्वास सावकाश सोडत. शेजारच्या आजीचा हात चपलेकडे गेला.

"राहू द्या आजी. थोड्या वेळात उतरते हे."

"पक्कं?"

"हौ."

चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. उतू गेलं नाही. लांजी आली.

नवी पत्रकं काढली. वर ठळक अक्षरात छापलं होतं: चप्पल हुंगवू नका, दवाखान्यात न्या. आजीने वाचून मागितलं.

"मलेही दे वं एक. माह्या सुनेले तं आम्ही दोनदा हुंगवली."

मी दोन दिली.