मादामचं स्टूल

बालवाडीतली टेबलं मी केली. बुटांचा रॅक मी केला. हवामानाची पाटी आणि तिच्यावर अडकवायचे लाकडी सूर्य, ढग, छत्री, बर्फ, तेही मीच केले.

आणि एक बुटकं स्टूल. उजव्या बाजूला हँडल असलेलं.

त्यावर बसणारी बाई आज सकाळी गेली.

सुतारकामाचा मी कुठला कोर्स केलेला नाही. बघून शिकलो, हात कापून घेऊन शिकलो. इथे जपानात रंधा ढकलत नाहीत, आपल्याकडे ओढतात. तेही चाळिशी उलटल्यावर नव्याने शिकलो.

मादाम सोलांज आमच्या इराच्या बालवाडीतल्या टीचर. फ्रेंच इमर्शन.

म्हणजे क्लासचा उंबरा ओलांडला की फक्त फ्रेंच. हात धुताना फ्रेंच, डबा उघडताना फ्रेंच, कुणी रडलं तर समजूतही फ्रेंचमध्ये. आईबाप आत आले तर त्यांनी तोंड बंद ठेवायचं. हा मादामचा नियम, आणि त्याला अपवाद नाही.

अनघाची, म्हणजे माझ्या बायकोची, पुढची पोस्टिंग फ्रान्सला ठरत होती. म्हणून इरा तिथे.

आमच्या ग्योतोकुच्या घरी ही पोरगी कानाला दडे बसवायची. शाळेत एक अक्षर नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, नवीन वर्ष उजाडलं. शून्य.

शाळेच्या ऑफिसने कळवलं, मार्चपर्यंत बोलली नाही तर पुढच्या वर्षी जागा देता येणार नाही.

"टेबलातला अर्धा मिलिमीटर तुला लांबून दिसतो," अनघा म्हणाली. "पोरगी मुकी झालीय ते दिसत नाही?"

दुसऱ्या दिवशी मादामना दाराबाहेर गाठलं. आम्ही दोघं मोडक्या जपानीत बोलायचो.

"तिला काही कळतं तरी का?"

"ओतोसान," त्या म्हणाल्या. इथे मुलांच्या बापाला अशीच हाक मारतात. "पॉलिश वाळलं का, म्हणून तुम्ही सारखं बोट लावून बघता?"

"छे! ठसा उठतो."

"मग हिला का बोट लावताय?"

मला राग आला होता. खरं सांगतो, पटलं नव्हतं.

फेब्रुवारीतली एक सकाळ. मी क्लासच्या दाराशी बसून रॅकची खालची फळी बसवत होतो. नियमाप्रमाणे गप्प.

त्या दिवशी हवामान सांगायची पाळी इराची. रोज एक मूल खिडकीबाहेर बघतं, पाटीवर चित्र अडकवतं आणि वाक्य म्हणतं. इरा नुसतं अडकवायची. वाक्य मादाम म्हणायच्या, आणि तिला कधीच "म्हण" म्हणायच्या नाहीत.

इराच्या हातात ढग होता.

माझ्या खिशातला फोन किंचाळला. भूकंपाचा अलार्म. पाठोपाठ जमीन हलली. जोरात.

"सू ला ताब्ल," मादाम म्हणाल्या. टेबलाखाली. रोज 'हात धुवा' म्हणायच्या, त्याच आवाजात.

मुलं खुर्चीला अडकवलेल्या, भूकंपासाठीच्या जाड टोप्या ओढून सरासर टेबलांखाली गेली.

इरा पाटीपाशीच. तिच्या बाजूला वर्गातला हारुतो, पुतळ्यासारखा उभा. वर, पाटीपासून दारापर्यंत गेलेलं कपाट खडखडत होतं.

इराने माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं. मादामनी तळहात उचलला. माझ्याकडे न बघता.

"सू ला ताब्ल."

ती टेबलं लाकडात लाकूड बसवून केली होती, एकही स्क्रू नाही. माझा भरवसा टेबलांवर होता. मुलीवर नव्हता.

तरी मी तोंड मिटलं.

इरा वळली. हारुतोची बाही धरली आणि ओरडली, "व्हियँ!"

ये!

दोघं टेबलाखाली. मागे कपाटाचं दार उघडलं आणि रंगांचे डबे जिथे ती उभी होती तिथे पडले.

मादाम मात्र टेबलाखाली गेल्या नाहीत. गुडघे धड वाकत नव्हते त्यांचे, उठाबसायला म्हणून तर स्टुलाला हँडल. सगळ्या पोरांना आपला चेहरा दिसेल अशा मधोमध, हँडल घट्ट धरून, त्या बसून राहिल्या. हलायचं थांबेपर्यंत तेच तीन शब्द म्हणत.

नंतर बाहेर मी विचारलं, "मला का थांबवलंत?"

"तुम्ही हाक मारली असती तर ती तुमच्याकडे धावली असती, ओतोसान. कपाटाखालून."

मी परत आत जाऊन रॅकची फळी बसवायला घेतली.

इराची जागा राहिली. मार्चमध्ये वर्गात बडबड करते म्हणून तक्रार आली. अनघाने ती चिठ्ठी फ्रिजवर लावली.

पुढे मादाम आजारपणामुळे शाळा सोडून गेल्या, तेव्हा शाळेने जुनं फर्निचर मोठ्या वस्तूंच्या कचऱ्यात काढलं. स्टूल मी उचलून घरी आणलं. हँडलचं पॉलिश त्यांच्या तळहाताएवढं उडालंय. तेवढं मी पुन्हा केलेलं नाही. करणारही नाही.

बरं मादाम, या आता.

गेल्या महिन्यात एका फर्निचर कंपनीचा माणूस घरी आला होता. त्यांना हे स्टूल आणि माझं ड्रॉइंग हवं होतं, देशभरातल्या बालवाड्यांसाठी. फक्त हँडल काढून टाकायचं, खर्च वाढतो म्हणाला.

आठ लाख येन.

नाही म्हटलं.