वजन उतरल्याबद्दल सत्कार

अक्का गेली त्याला आता सहा आठवडे होतील. मीनलचा, माझ्या भाचीचा, फोन सकाळी पावणेसातला आला. मी जॉगिंग ट्रॅकच्या गेटपाशी वाकून बुटाची नाडी बांधत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. खरं तर धक्का बसावा असं त्यात काही नव्हतं. तीन-चार महिने आम्ही त्याच फोनची वाट बघत होतो, कबूल कुणी करत नव्हतं इतकंच. मला हलवून सोडलं ते दहाव्या दिवशी. रामकुंडावरचा विधी आटोपला होता, माझ्या अंगावर अजून ओला पंचा होता, आणि आमच्या सकाळच्या चालण्याच्या गटातले एक गृहस्थ जवळ आले. खांद्यावर हात ठेवून अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "सर, शेवटी वजन किती राहिलं होतं हो?" माणूस वाईट नाही. अंत्ययात्रेला सगळी धावपळ त्यांनीच केली होती. पण माझं डोकं फिरलं. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. कारण मला आकडा माहीत होता आणि तो मी सांगितलाही. "छत्तीस," मी म्हणालो.

आकडे सांगणं हा माझा जन्माचा रोग आहे. नाशिक रोडच्या एका शाळेत मी तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. दर जूनमध्ये मुलांना रांगेत उभं करायचं, उंची घ्यायची, वजन घ्यायचं, तक्ता भरायचा. मीटरमधल्या उंचीचा वर्ग करायचा, वजनाला त्याने भागायचं, की आला बीएमआय. मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात, तेही मला पाठ होते. त्या तक्त्यामुळे एकदा सातवीतली एक मुलगी माझ्या लक्षात आली होती. सैल फ्रॉकमध्ये तिचं हडकलेलं अंग कुणाला दिसलंच नव्हतं. पालकांना बोलावलं, उपचार झाले, मुलगी सुधारली. तेव्हापासून माझा त्या भागाकारावर भलताच जीव जडला. निवृत्त झालो आणि कॉलनीतल्या चालणाऱ्या मंडळींचा गट जमवला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वजनकाटा आणला आणि दोनशे पानी वही सुरू केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांची वजनं, आणि प्रत्येकाच्या नावापुढे लाल पेनाने माझा शेरा. साठीच्या पुढची माणसं शाळकरी पोरांसारखी शेरा बघायला गर्दी करायची, आणि मला, कशाला खोटं बोलू, फार बरं वाटायचं.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमचं लहानपण मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. तिथे पाण्याची कायम मारामार. टँकर आला की अक्का एका कडेवर मला आणि दुसऱ्या हातात भरलेली बादली घेऊन दोन जिने चढायची, असं आई सांगायची. अंगाने ती तेव्हापासूनच रुंद. पुढे टपाल खात्यात लागली, सॉर्टिंगला, आणि पोत्यांची उचलठेव करायला शिपाई यायची वाट तिने कधी पाहिली नाही. भाऊजी गेल्यावर आठ वर्षं ती कॉलनीत एकटी राहिली, माझ्या घरापासून चार इमारती सोडून. उंची दीड मीटर, वजन एकाहत्तर, बीएमआय साडेएकतीसच्या वर. माझ्या वहीत ती 'लठ्ठ' या रकान्यात होती, आणि मी तिला ते दर महिन्याला ऐकवत होतो.

एकदा गट घेऊन पांडवलेणीला गेलो होतो. पायऱ्या चढता चढता आमची 'नॉर्मल' मंडळी जागोजागी बसली. मी स्वतः अर्ध्यावर गुडघा धरून टेकलो. अक्का वर पोचून, पेरू कापून, तिखट-मीठ लावून आमची वाट बघत होती. वरून ओरडली, "काय रे बाळ्या, खाली येऊन कडेवर घेऊ का?" सगळे हसले. मीही हसलो. आणि पुढच्या रविवारी तिच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं, 'वजन कमी करणे आवश्यक'. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. डोळ्यांना दिसत होतं की ही बाई आमच्यात सगळ्यांत दणकट आहे, आणि मी डोळ्यांवर विश्वास न ठेवता भागाकारावर ठेवला. तो भागाकार हाड ओळखत नाही, स्नायू ओळखत नाही, चरबी कुठे साठली आहे तेही त्याला ठाऊक नसतं. मोठ्या घोळक्याकडे बघून ढोबळ अंदाज बांधायला तो ठीक आहे. एका माणसाबद्दल तो फार तर एक प्रश्न विचारू शकतो. मी त्यालाच उत्तर समजून बसलो होतो.

मागच्या श्रावणात अक्काचं वजन उतरायला लागलं. आधी दोन किलो, मग तीन, मग आणखी तीन. मी खूश. वाटलं, इतक्या वर्षांच्या माझ्या कटकटीचं चीज झालं. दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला गेलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाळ्या, मी काही मुद्दाम कमी खात नाहीये रे. जातच नाही. दोन घास घेतले की पोट भरतं."

"म्हणजे पोट आकसलं," मी म्हणालो. "उत्तम लक्षण आहे. हेच तर पाहिजे."

ती चहा गाळायला उठली... पुढे डिसेंबरात म्हणाली, पाठीत दुखतं, पोटातून आरपार गेल्यासारखं. मी तिला पाठीचे तीन व्यायाम दाखवले, स्वयंपाकघरातल्या फरशीवर स्वतः आडवा होऊन. नेहमीच्या डॉक्टरांकडे ती जाऊन आली. त्यांनीही गुडघेदुखीच्या वेळी 'वजन कमी करा' सांगितलं होतं, तेच धरून ठेवलं होतं. काट्यावर उभं केलं, मागचा आकडा पाहिला आणि म्हणाले, छान चाललंय, असंच चालू ठेवा. तिने सरळ सांगितलेलं आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही. जाड बाई बारीक होते आहे म्हटल्यावर आणखी काही विचारायचं असतं हे आमच्या डोक्यातच शिरलं नाही. बारीक माणूस याच वेगाने वाळला असता तर आम्ही त्याला त्याच आठवड्यात तपासणीला नेलं असतं.

जानेवारीत काटा छप्पन्नवर आला. मी गणित दोनदा केलं. चोवीस पूर्णांक नऊ! 'लठ्ठ'मधून पंचवीसच्या आत, म्हणजे 'नॉर्मल'मध्ये येणारी आमच्या गटातली पहिली. मग काय, सत्कार ठरला. आपल्याकडे निमित्त मिळालं की सत्कार. आणि सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन होतंच. कॉलनीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, अक्काला पुढे बसवलं, शाल आणि नारळ माझ्याच हातून दिला. शाल पांघरताना तिच्या खांद्याचं हाड माझ्या हाताला लागलं. लागलं, हे मला नक्की आठवतं. आणि मी माइकवर म्हणालो, "इच्छाशक्ती म्हणजे काय, ते आमच्या अक्काकडून शिका!"

मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, टेबलाला धरून. म्हणाली, "खरं सांगू का, मी यात काहीच केलेलं नाही हो. आपोआप झालंय. मला कळत नाही कसं." हॉलभर टाळ्या झाल्या. आता यात लोकांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे सत्काराला उत्तर देताना प्रत्येक जण हेच म्हणतो, यात माझं काहीच नाही. खासदारापासून दहावीत पहिल्या आलेल्या मुलीपर्यंत सगळ्यांचं तेच भाषण. मागून एक जण ओरडला, "अक्का, लय भारी! पण रेसिपी सांगा ना!" तिने पुन्हा तोंड उघडलं. "नाही हो, खरंच..." आणि मी हसत हसत तिच्या हातातला माइक काढून घेतला, कारण पोहे गार होत होते. मोठी बहीण साठ माणसांसमोर उभी राहून सांगत होती की तिला काहीतरी झालंय, आणि मी ते विनयात जमा केलं. याबद्दल मला कुणी दोष देत नाही. द्यायला हवा होता.

फेब्रुवारीअखेर डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा कुठे मीनल तिला हट्टाने मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी विचारलं, "वजन साधारण कधीपासून कमी होतंय?" मीनल माझ्याकडे बघायला लागली. अक्का म्हणाली, "याला विचारा. याच्याकडे सगळं लिहिलेलं असतं."

आणि खरोखरच वही माझ्या पिशवीत होती. डॉक्टरकडे जायचं म्हणून सवयीने घेतली होती. मी ती टेबलावर ठेवली. डॉक्टर एकेक पान उलटत गेले. ऑगस्ट, एकाहत्तर. सप्टेंबर, एकोणसत्तर, पुढे लाल पेनाने, 'छान सुरुवात'. ऑक्टोबर, सहासष्ट, 'उत्तम'. नोव्हेंबर, त्रेसष्ट, 'असेच पुढे'. डिसेंबर, एकोणसाठ, 'शाबास अक्का'. जानेवारी, छप्पन्न, आणि शेजारी मी एक चांदणी काढली होती. त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" मी म्हणालो, "मी." त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "आकडे अगदी व्यवस्थित ठेवलेत," ते म्हणाले. बस्स, एवढंच. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर आलो तर अक्का म्हणाली, "तोंड पाडून उभा राहू नकोस. चल, मला उसाचा रस पाज. आता तरी पाजशील ना?" तिला उसाचा रस फार आवडायचा आणि मी तो चार वर्षं बंद केला होता. गुऱ्हाळावर बसून तिने दोन घोट घेतले, तिसरा घेववेना, म्हणून ग्लास माझ्यापुढे ठेवला. "वाया घालवू नकोस," म्हणाली. मी तो संपवला... पुढचं लिहिण्यासारखं फार नाही. जूनमध्ये एकदा तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं. मीनलला म्हटलं, तू राहू दे, मी उचलतो. जड वस्तू उचलताना मुलांना शिकवायचो तसे गुडघे वाकवले, पाठ ताठ केली, दम घेतला, आणि ती इतक्या सहज वर आली की माझाच तोल गेला. ती माझ्या कानाशी हसली. "सवय नाही तुला," म्हणाली.

ट्रॅकवर मी परत जायला लागलोय, पण वजनं घेणं बंद केलंय. गटातल्या काहींना ते पटलेलं नाही. गेल्या आठवड्यात एक बाई आनंदाने सांगायला आल्या, "सर, काही न करता तीन किलो उतरले!" मी त्यांना तिथेच बाकावर बसवून विचारलं, भूक लागते का, जेवण जातं का, तपासणी कधी केली होती. त्या घाबरल्या, मग चिडल्या. म्हणाल्या, चांगलं बोलायचं सोडून हे काय भलतंच. आता त्या दुसऱ्या बाजूने चालतात. चालू देत. तपासणी मात्र केली, असं त्यांच्या यजमानांकडून कळलं. थायरॉइड निघाला, गोळ्या सुरू झाल्या.

परवा मीनल आणि मी अक्काचा फ्लॅट आवरायला गेलो. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टीलच्या दोन खुर्च्या आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीवर जुन्या सुती साडीची, हाताने शिवलेली जाड गादी होती. मी गेलो की अक्का मला नेहमी त्याच खुर्चीवर बसवायची. स्वतः समोरच्या नुसत्या खुर्चीवर, जराशी पुढे सरकून, एका अंगावर बसायची. परवाही मी आपसूक गादीवरच बसलो आणि मीनलला विचारलं, ही कुठून आणली होती गं?

"आणलेली नाही, आईने शिवली. तिला खुर्ची टोचायची ना. माकडहाड लागायचं बसलं की. मी म्हटलं मामाला सांगू का, तर म्हणाली नको, तो इतका खूश आहे."

"कधी शिवली?" मी विचारलं. मला महिना हवा होता. "सत्काराच्या आधी की नंतर?"

मीनल डबे पुसत होती. तिने वर बघितलं नाही. "आधी, मामा," ती म्हणाली. "दिवाळीत."

मी उठलो आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलो.